पुन्हा पुन्हा मोडणारे हाड आणि त्याची पारख



आपल्या या पत्रिकेतून आपण बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या, खोडव्याची निगा आणि हंगामाचा हिशेब यांविषयी नेहमी वाचता. या अंकात थोडा वेगळा विषय घेतला आहे. तो उसाचा नाही, लेकरांच्या हाडांचा आहे. तो का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे.

मागच्या हंगामात ऊसनोंदीच्या कामासाठी एक सभासद गट ऑफिसला आले होते. सहा वर्षांचा मुलगा कडेवर होता. पोरगं बोलायला चुणचुणीत, पण पाय बारीक आणि किंचित वाकलेला. सहा वर्षांत तीन वेळा मांडीचे आणि हाताचे हाड मोडलेले. एकदा तर नुसता ओट्यावरून उतरताना. सभासदांनी पिशवीतून तपासणीचा एक कागद काढला. त्यावर हाडांच्या घनतेचा आकडा होता, उणे चार, आणि खाली शेरा होता, 'अतितीव्र हाडठिसूळपणा'. ते म्हणाले, "साहेब, आकडा उणे चार आलाय. आता याची शाळा बंद करतो. घरात गादीवर ठेवतो. दुसरं काय करायचं?" थोडे थांबून म्हणाले, "आमची आई म्हणते, सुनेला पोर धरताच येत नाही. घरात रोज भांडण."

त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही नंतर मुलांच्या हाडांचे काम करणाऱ्या डॉक्टरांकडे चौकशी केली, वाचले, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवत आहोत. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. लेकराच्या हाडाची ताकद एका आकड्यावर ठरत नाही. तो आकडा चुकीच्या मापाने काढला असेल तर उगाच घाबरवतो, आणि खरे दुखणे मात्र झाकून ठेवतो.

हा आजार काय आहे?

डॉक्टरी भाषेत याला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात. आपण ठिसूळ हाडांचा आजार म्हणू. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका मुलाला तो असतो. म्हणजे एका गावात कदाचित एकही नसेल, पण कारखान्याच्या सगळ्या कार्यक्षेत्रात दोन-चार घरे निघू शकतात.

घराचा स्लॅब टाकताना आपण लोखंडी सळई बांधतो आणि तिच्याभोवती काँक्रीट ओततो. सळई नसेल तर नुसते काँक्रीट दाबाला टिकते, पण वाकवले की तडकते. हाडातही असेच दोन माल असतात. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे म्हणजे सळई, आणि कॅल्शियम-फॉस्फरसचे क्षार म्हणजे काँक्रीट. ठिसूळ हाडांच्या आजारात मूळ दोष बहुतेक वेळा सळईत असतो. कोलॅजेन कमी तयार होते किंवा वेडेवाकडे तयार होते. दहापैकी साधारण नऊ रुग्णांत हा दोष कोलॅजेन बनवणाऱ्या दोन जनुकांपैकी एकात सापडतो.

ऑस्ट्रेलियातील डॉ. डेव्हिड सिलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली या आजाराचे चार प्रकार पाडले. पहिला सौम्य. दुसरा इतका तीव्र की बहुतेक बाळे जन्माच्या आसपासच दगावतात. तिसरा तीव्र, हाडे वाकवत नेणारा. चौथा मधला. पुढे आणखी प्रकार सापडले, पण ही चौकट अजून वापरात आहे. त्यामुळे आजार एकच असला तरी एक मूल दोन-तीनदा हाड मोडून नीट मोठे होते, आणि दुसऱ्याला चालणेही अवघड जाते. शेजारच्या गावातील एका मुलाचे पाहून आपल्या मुलाचे भविष्य ठरवू नये.

दोष कोणाचा?

हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत, पण घर विचारते. म्हणून उत्तर स्पष्ट देतो. कोणाचाही नाही.

आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक बाळंतपणात तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. पण पुष्कळ मुलांच्या बाबतीत घराण्यात कोणालाच आजार नसतो. बीज तयार होतानाच जनुकात नवा बदल होतो. तो आईच्या खाण्यापिण्याने, ग्रहणात बाहेर पडल्याने, कोणाच्या नजरेने किंवा करणीने होत नाही. थोड्या प्रकारांत मात्र आई-वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत आली तरच आजार होतो. जवळच्या नात्यातील लग्नांत, म्हणजे मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी झालेल्या लग्नांत, असे घडण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे ही चाल आहे, म्हणून हे माहीत असलेले बरे. पुढच्या मुलाचा विचार असेल तर आधी आनुवंशिकतेच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

राहिला सुनेला पोर धरता येत नाही हा आरोप. अशा मुलाचे हाड लंगोट बदलताना पाय वर ओढला तरी मोडू शकते. सुनेला पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्या आजीबाईंनी हे नीट समजून घ्यावे. काही वेळा दवाखान्यातही संशय येतो की मुलाला कोणी मारले असावे. मुलांच्या संरक्षणासाठी तो संशय घेणे डॉक्टरांचे कर्तव्यच असते, त्यात राग मानू नये. आजाराचे निदान झाल्यावर मात्र डॉक्टरांकडून तसे पत्र घ्यावे आणि ते जवळ बाळगावे.

पारख सुरू होते विचारपूस करण्यापासून

आपल्या शेतकी खात्याचा माणूस प्लॉट पाहायला आला की आधी लागणीची तारीख विचारतो, जात विचारतो, पाणी विचारतो. मग ऊस पाहतो. चांगला डॉक्टरही आधी विचारतो. पहिले हाड कितव्या महिन्यात मोडले? कशाने? किती उंचीवरून पडला? कोणते हाड? प्लास्टर किती दिवस होते? झाडावरून पडून हात मोडणे वेगळे, आणि ओट्यावरून उतरताना मांडी मोडणे वेगळे. म्हणून प्रत्येक वेळची तारीख आणि कारण वहीत लिहून ठेवा. जुन्या एक्स-रे फिल्म फेकू नका.

मग अंग तपासतात. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो का, हे पाहतात. तान्ह्या बाळात थोडी निळसर छटा असू शकते, म्हणून नुसत्या तेवढ्यावरून निदान करत नाहीत. दात पिवळट-करडे, पारदर्शक किंवा लवकर झिजणारे आहेत का, सांधे वाजवीपेक्षा जास्त वळतात का, पाठ वाकली आहे का, हे पाहतात. कान तपासतात, कारण या आजारात पुढे ऐकू कमी येऊ शकते. वजन आणि उंची मोजतात. उभे राहता येत नसेल तर निजवून लांबी मोजतात. ही उंची फार महत्त्वाची आहे. का, ते पुढे येईल.

यानंतर एक गोष्ट वगळावी लागते. ती म्हणजे मुडदूस. मुडदुसातही पाय वाकतात आणि हाडे कमकुवत होतात, पण तो ड जीवनसत्त्वाच्या किंवा कॅल्शियमच्या कमतरतेने होतो, आणि औषधाने बहुधा बरा होतो. रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि ड जीवनसत्त्व तपासले, मनगटाचा एक्स-रे काढला, की दोन्हींतील फरक बहुतेक वेळा कळतो. मुडदुसात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले असते आणि मनगटाजवळ हाडाची टोके पसरट, विसविशीत दिसतात. उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्व कमी कसे, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडेही ही कमतरता सर्रास आढळते. ठिसूळ हाडांच्या मुलालाही ती असू शकते, आणि मग आधीच कच्च्या हाडावर दुहेरी भार पडतो.

पाठीचा एक्स-रे: दुखत नसले तरी

आता सगळ्यांत जास्त राहून जाणारी तपासणी. हातपाय मोडला की लेकरू रडते, सूज येते, घराला कळते. पण पाठीचा मणका दबला तर पुष्कळदा काहीच कळत नाही. मणका म्हणजे एकावर एक रचलेल्या विटांसारखे हाड. आतून कच्चे असेल तर ते हळूहळू चेपते, पाचरीसारखे किंवा मधून खोलगट होते. मूल खेळत असते आणि मणका दबलेला असतो.

म्हणून कण्याचा बाजूने काढलेला एक्स-रे घेतात. मणक्याची उंची जितकी असायला हवी त्यापेक्षा साधारण २० टक्के किंवा अधिक कमी झाली तर त्याला मणका मोडला असे धरतात. २५ टक्क्यांपर्यंत सौम्य, ४० टक्क्यांपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. हा एक्स-रे तालुक्याच्या गावीही निघतो. त्याला मोठे यंत्र लागत नाही. पाहणारी नजर मात्र लागते.

घनतेचा स्कॅन

आता त्या कागदावरच्या आकड्याकडे येऊ. हाडांची घनता मोजणाऱ्या यंत्राला डेक्सा म्हणतात. मूल टेबलावर निजते, वरून एक दांडी सरकते, काही मिनिटांत काम होते. सुई नाही, दुखत नाही, किरणांची मात्राही अगदी थोडी. लहान मुलांत मुख्यतः दोन ठिकाणी मोजतात. एक कंबरेचे मणके, आणि दुसरे डोके वगळून सर्व शरीर. डोके का वगळायचे? लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि त्यात हाडही पुष्कळ असते. ते धरले तर हातापायांचा कमकुवतपणा झाकला जातो.

आकडा काढताना मुलाचे माप कोणाशी तरी ताडून पाहावे लागते. इथेच घोटाळा होतो.

मोठ्या माणसांत टी-स्कोअर काढतात. तो सांगतो की भर तारुण्यातील निरोगी माणसाच्या तुलनेत हाड किती कमी आहे. लेकरासाठी तो चुकीचा आहे. सुरू लागणीचा सहा महिन्यांचा ऊस अठरा महिन्यांच्या आडसालीशेजारी उभा करून 'हा किती बुटका' म्हटले तर आपण हसू. मुलांत झेड-स्कोअर पाहायचा असतो, म्हणजे त्याच वयाच्या, मुलगा असेल तर मुलांच्या आणि मुलगी असेल तर मुलींच्या सरासरीशी तुलना. शून्य म्हणजे सरासरी. उणे दोन किंवा त्याहून खाली गेले तर वयाच्या मानाने कमी. आमच्या सभासदांच्या कागदावर टी-स्कोअर छापला होता. तो आकडा त्या मुलासाठी नव्हताच.

दुसरा घोटाळा उंचीचा. हे यंत्र हाड समोरून पाहते, त्याची जाडी त्याला दिसत नाही. दोन बैलगाड्यांत सारखाच दाट ऊस भरला आहे असे समजा. एक गाडी रुंद, दुसरी अरुंद. रस्त्याकडेला उभे राहून बाजूने जेवढा ऊस दिसतो तेवढ्या क्षेत्राने वजनाला भागले, तर अरुंद गाडीचा आकडा कमी येईल, ऊस तितकाच दाट असूनही. बुटक्या मुलाचे हाड लहान आणि अरुंद असते, म्हणून त्याची घनता आहे त्यापेक्षा कमी दिसते. या आजाराची मुले पुष्कळदा बुटकीच असतात. तेव्हा उंचीचा हिशेब धरून आकडा दुरुस्त करून घ्यावा लागतो. उंची नीट मोजली नसेल तर ही दुरुस्तीही चुकते.

तिसरी गोष्ट, तुलना कोणत्या मुलांशी? परदेशी मुलांच्या तक्त्याशी आपली मुले ताडली तर माप जुळेलच असे नाही. पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०११ साली ५ ते १७ वर्षे वयाच्या निरोगी भारतीय मुलामुलींचे डेक्सा मापांचे तक्ते प्रसिद्ध केले. आपल्या मुलाची तुलना कोणत्या तक्त्याशी केली, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. त्यात संकोच कसला? काट्यावर आपण वजन विचारतोच ना?

आणखी दोन खोडी सांगतो. मणका दबला की तेवढेच क्षार कमी जागेत येतात आणि आकडा उलट वाढलेला दिसतो. म्हणून दबलेला मणका मोजणीतून वगळतात. तसेच मांडीत धातूची सळई घातली असेल तर तिथले माप धरता येत नाही.

आकडा बरोबर असला तरी

समजा सगळे नीट मोजले. तरी घनता म्हणजे ताकद नव्हे. आपल्याला हे समजावून सांगायला नको. एकरी टनेज वेगळे आणि उतारा वेगळा. गाडी काट्यावर भरते, पण रसात साखर किती हे काटा सांगत नाही, ते लॅबमध्ये कळते. डेक्सा हा काटा आहे. तो क्षारांचे वजन सांगतो. सळई, म्हणजे कोलॅजेन, चांगले की वाईट हे त्याला दिसत नाही.

या आजारात गंमत अशी की हाडाचा एकूण माल कमी असतो, पण जो असतो त्यात क्षार नेहमीपेक्षा दाट भरलेले असतात. त्यामुळेही ते काचेसारखे तडकते. काही विरळ प्रकारांत तर घनता सामान्यापेक्षा जास्त भरते आणि तरीही हाडे मोडतात. म्हणजे चांगला आकडा आला म्हणून निर्धास्त राहू नये, आणि वाईट आकडा आला म्हणून खचू नये.

हाडांच्या घनतेची मोजणी करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ साली मुलांसाठी वेगळे नियम केले, आणि २०१३ व २०१९ साली ते पुन्हा तपासले. त्यांचे सार असे की नुसत्या घनतेच्या आकड्यावर मुलाला हाडठिसूळपणा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, आहे असे म्हणू नये. मोठा अपघात किंवा त्या जागी दुसरा आजार नसताना एक जरी मणका दबलेला असला, तरी तेवढे पुरेसे आहे. त्यासाठी घनता कमी असलीच पाहिजे असे नाही. मणका दबलेला नसेल तर दोन्ही गोष्टी हव्यात. झेड-स्कोअर उणे दोन किंवा त्याखाली, आणि वयाच्या दहा वर्षांपर्यंत लांब हाडे दोनदा किंवा एकोणीस वर्षांपर्यंत तीनदा मोडलेली. म्हणजे जगातले जाणते लोकही आधी मोडलेले हाड पाहतात, मग आकडा.

औषध आणि पुन्हा पारख

या आजाराचे मूळ काढून टाकणारे औषध आज दवाखान्यात मिळत नाही. पण हाड झिजण्याचा वेग कमी करणारी औषधे आहेत. कॅनडातील माँट्रियल शहराच्या श्रायनर्स मुलांच्या रुग्णालयात डॉ. फ्रान्सिस ग्लोरिओ आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजाराच्या ३० मुलांना पामिड्रोनेट नावाचे औषध शिरेतून ठरावीक अंतराने दिले. त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. घनता वाढली, हाडे मोडण्याचे प्रमाण कमी झाले, मुलांची हालचाल सुधारली. त्या अभ्यासात औषध न दिलेल्या मुलांचा तुलनेचा गट नव्हता. नंतर तुलनेचे अभ्यास झाले. त्यांत घनता वाढते हे नक्की ठरले. हातापायांची हाडे मोडणे किती थांबते, याबाबत निष्कर्ष सारखे नाहीत. वाढत्या वयात दबलेले मणके मात्र औषधाने पुन्हा उंची धरू शकतात. म्हणूनच पाठीचा एक्स-रे वेळेवर काढण्याला इतके महत्त्व आहे. वाढ संपली की ही संधी संपते.

हे औषध देण्यापूर्वी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पुरेसे आहे याची खात्री करतात, नाहीतर रक्तातले कॅल्शियम एकदम उतरते. पहिल्या डोसानंतर दोन-तीन दिवस ताप येऊ शकतो, घाबरू नये. दातही आधी तपासून घ्यावेत.

औषध चालू झाल्यावर एक्स-रेमध्ये एक गोष्ट दिसते, ती आपल्याला लगेच समजेल. पाण्याची पाळी चुकली की उसाची त्या वेळची कांडी आखूड राहते, आणि तोडणीच्या वेळी ऊस हातात घेतला की वर्षाचा इतिहास वाचता येतो. तसेच प्रत्येक डोसाच्या वेळी हाडाच्या वाढत्या टोकाजवळ एक पांढरी आडवी रेघ उमटते. हाड पुढे वाढते, रेघ मागे राहते, पुढच्या डोसाला दुसरी रेघ येते. दोन रेघांतले अंतर म्हणजे तेवढ्या काळातली वाढ. आई-वडिलांनी या रेघा पाहून घाबरू नये. तो नवा रोग नाही.

डेक्साची पुन्हा मोजणी सहा महिन्यांच्या आत करण्यात अर्थ नसतो. सहा महिने ते वर्षाने करतात, आणि ती शक्यतो त्याच यंत्रावर. एका काट्याचे वजन दुसऱ्या काट्याशी ताडून वाद घालण्यात काय हशील?

वाकलेल्या मांडीत किंवा नडगीत शस्त्रक्रिया करून सळई घालतात. मुलाबरोबर लांबत जाणाऱ्या सळयाही निघाल्या आहेत. हा निर्णय अशा मुलांचे काम केलेल्या अस्थिशल्यतज्ज्ञानेच घ्यावा.

चालणे-खेळणे हीसुद्धा पारखच

आमचे सभासद पोराला गादीवर ठेवणार होते. तळहाताच्या फोडासारखे जपायचे म्हणजे निजवून ठेवायचे, असे आपल्याला वाटते. ही माया उलटी पडते. हाडाला भार मिळाला नाही की ते आणखी विरघळते, स्नायू सुकतात, आणि पुढच्या वेळी आणखी सहज मोडते. म्हणून चांगला दवाखाना हेही मोजतो की मूल किती चालते, स्वतः उठून बसते का, खुर्चीवर चढते का, शाळेत जाते का. ही नोंद डेक्साच्या आकड्याइतकीच मोलाची. व्यायामतज्ज्ञाकडून व्यायाम शिकून घ्यावा. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली पाण्यातला व्यायाम आणि पोहणे अशा मुलांना फार मानवते.

उचलताना काखेत हात घालून ओढू नये, हात-पाय पिळू नये. एक हात बुडाखाली, दुसरा मान-खांद्याखाली, पंजा पसरून. लंगोट बदलताना पाय धरून वर न उचलता बुडाखाली हात सरकवावा. हाड मोडलेच तर तेल चोळू नये, ओढून सरळ करू नये, कामट्यांनी करकचून बांधू नये. आहे त्या स्थितीत आधार द्यावा आणि दवाखाना गाठावा.

मदत कोठे?

केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात या आजाराचा आणि त्यावरील औषधाचा समावेश दुसऱ्या गटात आहे. त्या धोरणाखाली नेमलेल्या विशेष केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. पुणे-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत मुलांचे हाड-संप्रेरक तज्ज्ञ भेटतात. चालण्यात कायमची अडचण असेल तर अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्यावे. ते शिक्षणाच्या आणि प्रवासाच्या सवलतींना उपयोगी पडते. सगळे कागद एका पिशवीत, तारखेवार ठेवावेत. आपण कारखान्याच्या बिलाच्या पावत्या जशा जपतो, तसे.

शेवटी

त्या सभासदांचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांनी कागद पुन्हा पाहिला. टी-स्कोअर बाजूला ठेवला, उंची नीट मोजली, वयाचा आणि उंचीचा हिशेब धरून आकडा काढला. तो भीती वाटण्याइतका खाली नव्हता. सभासदांना हायसे वाटले. पण त्याच दिवशी पाठीचा बाजूने एक्स-रे निघाला आणि त्यात दोन मणके दबलेले दिसले. पोराने पाठ दुखते असे कधी म्हटले नव्हते. ज्या आकड्याने घर घाबरले तो खोटा, आणि जे दुखणे खरे होते ते कोणी पाहिलेच नव्हते. औषध सुरू झाले. मुलगा जूनमध्ये शाळेत गेला, गुरुजींच्या नावचे डॉक्टरांचे पत्र घेऊन. सभासदांनी सांगितले, "तज्ज्ञांनी आईला समोर बसवून सांगितलं, यात सुनेचा काही दोष नाही. आई काही बोलली नाही. पण आता पोराला कसं उचलायचं, ते तीच शेजारणींना दाखवते."

तरी सभासद बंधू-भगिनींना विनंती अशी की, आपल्या घरात, वस्तीवर किंवा आपल्या फडात ऊसतोडणीसाठी आलेल्या टोळीच्या कोपीवर एखाद्या लेकराचे हाड क्षुल्लक कारणाने दुसऱ्यांदा मोडले असेल, तर नशीब म्हणून सोडून देऊ नये आणि त्याच्या आईला बोल लावू नये. तालुक्याच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. पाठीचा बाजूने एक्स-रे काढला का? ड जीवनसत्त्व पाहिले का? घनतेचा आकडा त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या मुलांशी ताडला का? टोळीतला माणूस हे विचारायला कचरेल, तेव्हा फडमालकाने त्याच्याबरोबर जावे. त्यात आपला अर्धा दिवस जाईल, पण एखादे लेकरू आपल्या पायावर उभे राहील.

आपले,
संपादक मंडळ